महसूल आणि न्याय: फारकत नेमकी कशाची झाली?

बंगालमध्ये १७९३ साली कलेक्टरचे न्यायदान बंद झाले. महसुली अदालती मोडल्या, तिथले दावे दिवाणी न्यायालयांकडे गेले. वसुली करणाऱ्याने वसुलीविरुद्धची तक्रार ऐकू नये, हे तत्त्व चाळीस वर्षेही धड टिकले नाही. मद्रासेत १८१६ मध्ये मॅजिस्ट्रेटचे अधिकार न्यायाधीशाकडून कलेक्टरकडे वळवले गेले. बंगालने १८३१ नंतर तोच मार्ग धरला, १८३७ पासून मॅजिस्ट्रेट आणि कलेक्टर ही पदे पुन्हा वेगळी केली आणि १८५९ मध्ये परत एकत्र आणली.

फारकतीसाठी पुढे झालेली सगळी ओरड फौजदारी अधिकारांची. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दुसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला सहा महिने कैद आणि २०० रुपये दंड करता येई, आणि मामलेदाराकडे, म्हणजे आजच्या तहसीलदाराकडे, बहुधा हेच अधिकार असत. त्याच्या निकालावरचे अपील सेशन्स कोर्टात जात नसे, ते जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे, म्हणजे कलेक्टरकडेच जाई. पोलिसांवर देखरेख त्याची, मामलेदाराच्या कामावरचा शेराही तोच लिहिणार. साहेब फिरतीवर असले की पक्षकार आणि साक्षीदार मुक्कामामागून मुक्काम करत हिंडत.

मुंबई राज्याने १९५१ च्या कायद्याने ही साखळी तोडली. न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाखाली आले, कार्यकारी दंडाधिकारी सरकारकडे राहिले. १९७४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने देशभर तेच केले. पण १९८० च्या दुरुस्तीने कलम १०८ ते ११० ची चांगल्या वर्तणुकीच्या जामिनाची प्रकरणे न्यायदंडाधिकाऱ्यांकडून परत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आणली. फारकतीच्या गौरवगाथेत ही दुरुस्ती सहसा गाळली जाते.

खरी गाठ मात्र १८७६ च्या मुंबई महसूल अधिकारिता कायद्यात आहे. त्याच्या कलम ४ ने आकारणीची रक्कम, वतनी जमिनींबाबत सरकारविरुद्धचे दावे असे विषय दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले. कलम ११ ची अट त्याहून जाचक: महसूल अधिकाऱ्याच्या कृतीबद्दल सरकारवर दावा लावायचा, तर कायद्याने दिलेली आणि दाव्याच्या मुदतीत करता येण्याजोगी सगळी महसुली अपिले आधी केल्याचे सिद्ध करावे लागे. एक पायरी चुकली की दावा गेला. १७९३ ने जे दार उघडले होते, ते इथे पद्धतशीर बंद झाले. हा निर्णय समर्थनीय नव्हता. आकारणी ठरवणारे खातेच हरकतीवर शेवटचा शब्द देऊ लागले आणि फौजदारीच्या गलक्यात त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९५१ च्या कायद्यानेही याला हात लावला नाही.

त्यामुळे शेतरस्त्याचा तंटा आजही तहसीलदारापुढे चालतो, तोही दोन वेगळ्या वाटांनी. वहिवाटीचा जुना रस्ता अडवला असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे कलम ५ लागते. त्यासाठी अडथळ्यापासून सहा महिन्यांत दावा हवा. निकालावर अपील नाही, कलेक्टरकडे फेरतपासणी मात्र होते. बांधावरून नवा रस्ता हवा असेल, तर जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १४३. तिथे तहसीलदाराच्या निर्णयानंतर एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. सहा महिने उलटून गेले म्हणून जुनाच रस्ता १४३ खाली नवा म्हणून मागितला जातो, आणि जुन्या वहिवाटीचा पुरावा मांडलेले असे अर्ज मग रस्ता नवा की जुना, या मूळ मुद्द्यावरच अडकतात.