भागाकारातून रोध, गुणाकारातून शक्ती : दोन सूत्रांची पार्श्वभूमी

व्होल्टमधील विद्युतदाबाला अँपिअरमधील विद्युतधारेने भागले की रोध मिळतो आणि दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती मिळते, ही जोडी शाळेत एकाच धड्यात शिकवली जाते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करणाऱ्या कारागिरांच्याही ती तोंडी असते. प्रत्यक्षात या सूत्रांमागचे काम वेगवेगळ्या माणसांनी, सुमारे पंधरा वर्षांच्या अंतराने केले आणि त्यांचा आवाकाही सारखा नाही.

पहिल्याचे श्रेय जॉर्ज सायमन ओहम यांचे. कुलपे बनवणाऱ्याचे हे चिरंजीव कलोन येथे शिक्षक असताना निरनिराळ्या लांबीच्या तारांतील धारा मोजू पाहत होते. परंतु तत्कालीन विद्युतघटाचा दाब धारा वाहू लागताच घसरत असल्याने एका मोजमापाची दुसऱ्याशी तुलनाच करता येत नसे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांचे दोन सांधे घेतले, एक उकळत्या पाण्याच्या आणि दुसरा बर्फाच्या तापमानाला ठेवला, आणि अशा सांध्यांतील विद्युतदाब तापमानाच्या फरकातून निर्माण होत असल्याने, तो फरक कायम असताना विद्युतदाबही कायम राहिला. स्थिर दाबाची ही सोय हेच १८२६ च्या त्या प्रयोगांचे मर्म म्हणावे लागेल. पुढचे गणित त्यामानाने सरळ होते. १८२७ च्या ग्रंथाचे जर्मनीत थंडे स्वागत झाले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळायला १८४१ साल उजाडले. (इंग्लिश शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांना हाच संबंध १७८१ मध्ये, स्वतःच्या अंगाला बसणाऱ्या झटक्यांची तीव्रता ताडून, आढळला होता, पण त्यांची टिपणे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये छापेपर्यंत कागदातच राहिली.)

शक्तीच्या सूत्राचे मूळ उष्णतेच्या मोजमापात आहे. मद्यनिर्मितीच्या कौटुंबिक व्यवसायातील जेम्स जूल यांनी १८४०-४१ मध्ये तारेत निर्माण होणारी उष्णता धारेचा वर्ग आणि रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, असे दाखवले. यातील वर्ग व्यवहारात चांगलाच जाणवतो. २३० व्होल्टवर २००० वॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो, म्हणजे त्याचा रोध सुमारे २६.५ ओहम होतो. दाब १९० व्होल्टपर्यंत उतरला तर धाराही त्याच प्रमाणात उतरते आणि तोच गिझर जेमतेम १३६५ वॉट देतो. दाब सतरा टक्क्यांनी घटतो, तर शक्ती जवळजवळ बत्तीस टक्क्यांनी.

एककांची नावे नंतर ठरली. १८८१ च्या पॅरिस परिषदेने ओहम, व्होल्ट आणि अँपिअर यांना मान्यता दिली, तर ‘वॉट’ हे नाव विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये सुचवले.

आवाक्याचा प्रश्न मात्र राहतो. दाब भागिले धारा ही रोधाची व्याख्या आहे. तो भागाकार स्थिर राहणे हा ओहमचा नियम, आणि तो स्थिर तापमानाच्या धातूच्या तारेला लागू पडतो. फिलामेंटच्या बल्बचा रोध पेटल्यावर थंड अवस्थेच्या दहापटीहून अधिक होतो. फिरती मोटार तर स्वतःच उलट दाब निर्माण करते, त्यामुळे चालू मोटारीच्या व्होल्टला अँपिअरने भागून वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या गुंडाळ्यांचा) रोध मिळत नाही. तो मोटार बंद करून, वायरी सोडवूनच मोजावा लागतो. गुणाकारालाही एसी पुरवठ्यावर पॉवर फॅक्टरची, म्हणजे त्या गुणाकाराचा किती हिस्सा प्रत्यक्ष शक्ती असतो हे सांगणाऱ्या गुणकाची, जोड द्यावी लागते: ४१५ व्होल्टवर ७.५ अँपिअर घेणाऱ्या थ्री फेज मोटारीचा तीनच्या वर्गमुळासह केलेला गुणाकार सुमारे ५.४ केव्हीए (किलोव्होल्ट-अँपिअर) येतो, पण पॉवर फॅक्टर ०.८ असल्यास ती प्रत्यक्षात ४.३ किलोवॉटच शक्ती घेत असते.