पट्टे मोजून लांबी: लेसर व्यतिकरणमापीच्या प्रयोगामागचा इतिहास

धातूची पट्टी झिजते, वाकते, हरवूही शकते. ठरावीक रंगाच्या प्रकाशाची निर्वातातली तरंगलांबी मात्र कुठेही तीच. म्हणून तिलाच लांबीचे माप मानावे, असे झाक बाबिने या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२७ मध्येच सुचवले होते. पण इतके बारीक माप मोजायचे कसे, याचे उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हते.

अल्बर्ट मायकेलसनने १८८१ मध्ये आपला व्यतिकरणमापी (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून मापन करणारे उपकरण) बनवला तो ईथरच्या, म्हणजे प्रकाश ज्यातून प्रवास करतो असे तेव्हा मानले जाणाऱ्या माध्यमाच्या, शोधासाठी. प्रकाशाचा झोत दुभंगायचा, दोन आरशांवरून परत आणून एकत्र करायचा आणि उमटणारे उजळ-काळे पट्टे पाहायचे. एक आरसा अर्ध्या तरंगलांबीने सरकला की एक पट्टा पुढे जातो. हेच उपकरण घेऊन १८९२-९३ मध्ये त्याने पॅरिसजवळच्या सेव्र येथे प्लॅटिनम-इरिडियमचा प्रमाण मीटर कॅडमियमच्या लाल प्रकाशाने मोजला. या मापनाची युक्ती वर्गात सांगितलीच पाहिजे. मीटरभर अंतरातले लाखो पट्टे मोजणे अशक्य, शिवाय अंतर वाढले की कॅडमियमचे पट्टे पुसट होत जातात. म्हणून त्याने नऊ मध्यस्थ मापे केली. सर्वांत लहान सुमारे ०.३९ मिलिमीटरचे, पुढचे प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट, शेवटचे १० सेंटिमीटरचे. प्रत्यक्ष मोजले ते फक्त सर्वांत लहान मापातले साधारण बाराशे पट्टे. पुढे प्रत्येक माप आधीच्या मापाशी ताडून पाहिले. उत्तर आले, एका मीटरमध्ये सुमारे १५,५३,१६४ तरंगलांब्या.

१९६० मध्ये मीटरची व्याख्याच क्रिप्टॉन-८६ या वायूच्या प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्यांवर आली. त्याच वर्षी लेसर जन्मला, आणि १९६२ मध्ये हीलियम-निऑनचा लाल झोत मिळाला. १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो.

शिकवण्याच्या दृष्टीने लेसरने फार मोठा अडसर दूर केला. सोडियमच्या दिव्याला दोन जवळजवळच्या पिवळ्या रेषा असतात, त्यामुळे आरसा दर ०.२९ मिलिमीटर सरकला की पट्टे विरतात आणि पुन्हा उमटतात. लेसरचे पट्टे दोन्ही भुजांच्या, म्हणजे दुभंगलेल्या झोताच्या आरशांपर्यंतच्या दोन वाटांच्या, लांबीत बराच फरक असला तरी ठळक दिसतात. सोय झाली, पण तिच्याबरोबर भुजा जुळवण्याचा धडाही गेला. माझ्या मते एक तास तरी सोडियमवर घालवावा. पट्टे नाहीसे होताना पाहिले की लेसरने नेमके काय दिले ते लगेच उमगते.

दुसरी निसटणारी गोष्ट म्हणजे हवा. वहीत सर्रास लिहिला जाणारा ६३२.८ नॅनोमीटर हा आकडा हवेतला आहे. निर्वातात तो ६३२.९९ आहे. हवेचे तापमान एका अंशाने बदलले तर मीटरभर अंतराच्या मापनात साधारण एक मायक्रोमीटरचा फरक पडतो, म्हणजे तीन पट्टे. हे नुसते सांगून पटत नाही. एका भुजेत पाच सेंटिमीटरची बंद नळी ठेवावी, पंपाने तिच्यातली हवा काढावी आणि मग झडप किंचित उघडून हवा सावकाश आत येऊ द्यावी. दोन्ही आरसे जागच्या जागी असतात, तरी नळी भरेपर्यंत सुमारे ४३ पट्टे सरकून जातात.