साठीनंतरचा नवा छंद आणि मेंदू

सोलापूरच्या पूर्व भागात सारे आयुष्य मागावर काढलेला एखादा विणकर निवृत्तीनंतर हौसेने आणखी एक जेकार्ड चादर विणतो, आणि त्याच्याच वयाच्या, बँकेच्या नोकरीतून मोकळ्या झालेल्या एखाद्या बाई आयुष्यात प्रथमच गोधडी शिवायला बसतात. दोघांचाही वेळ आनंदात जातो. मेंदूच्या दृष्टीने मात्र या दोन उद्योगांत मोठा फरक आहे.

आधी वयाने काय हिरावले जाते ते पाहू. माहितीवर झटपट प्रक्रिया करण्याचा वेग तरुणपणीच कमाल पातळी गाठतो आणि पुढे हळूहळू उतरतो. एकाच वेळी अनेक गोष्टी मनात धरून ठेवण्याची क्षमताही कमी होते. डोळ्यांतील भिंग वयाबरोबर ताठर होत गेल्याने चाळिशीनंतर सुईत दोरा ओवणे कठीण जाते. मात्र शब्दसंग्रह आणि अनुभवातून साठलेले ज्ञान दीर्घकाळ टिकते, किंबहुना पन्नाशी-साठीपर्यंत वाढतही राहते. म्हणूनच ‘वय झाले, आता डोके चालत नाही’ हे सरसकट विधान शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही.

जर्मनीतील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साठीच्या आसपासच्या व्यक्तींना तीन चेंडू हवेत झेलत ठेवण्याची कला तीन महिने शिकवली. विशीतल्या मुलांइतके कौशल्य त्यांना साधले नाही, हे खरे. पण ज्यांना ती कला जमली त्यांच्या मेंदूत, हलत्या वस्तूंचा वेध घेणाऱ्या भागात, करड्या द्रव्याची, म्हणजे मुख्यतः चेतापेशींनी बनलेल्या भागाची, वाढ दिसली. स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातही ती आढळली. सराव थांबल्यावर मात्र ही वाढ ओसरली.

आमच्या गोधडीशी अधिक जवळचा पुरावा अमेरिकेतील टेक्सासचा आहे. डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वर्षे वयाच्या २२१ व्यक्तींवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींनी डिजिटल छायाचित्रण, काहींनी तुकडे जोडून केले जाणारे रजईकाम, तर काहींनी दोन्ही, असे आठवड्याला सुमारे १५ तास, तीन महिने शिकून घेतले. दुसऱ्या एका गटाने तेवढाच वेळ गप्पागोष्टी, सहली आणि एकत्र कार्यक्रमांत घालवला. आणखी एका गटाने घरी बसून संगीत ऐकणे, शब्दकोडी सोडवणे असे परिचित उद्योग केले. तीन महिन्यांनंतर स्मरणाच्या चाचण्यांत नवे कौशल्य शिकणाऱ्यांची प्रगती उजवी ठरली, विशेषतः कॅमेरा हाताळणाऱ्यांची. निव्वळ सहवास पुरला नाही, हा निष्कर्ष मला त्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ज्येष्ठ नागरिकांसाठीचे आपले बहुतेक उपक्रम सहवासावरच थांबतात.

विणकराची चादर सुंदर होईल, परंतु ती विणताना त्याच्या हातांना आणि डोळ्यांना अनोळखी असे फारसे काही करावे लागत नाही. त्याने तबला शिकायला घेतला, किंवा तेलुगू वाचता येत असेल तर कन्नड अक्षरे गिरवायला घेतली, तर गोष्ट वेगळी. या दोन लिपी एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की जुन्या ज्ञानाचा आधार मिळतो, आणि तरीही रोज अडखळायला पुरेसे नवे उरते. उतारवयातल्या विद्यार्थ्याला अशीच जागा सोयीची. मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही भाषा कानांवर पडणाऱ्या या शहरात ती शोधायला फार लांब जावे लागत नाही. (हिंदी घरोघरी असतेच, ती मोजली नाही.)

अति उत्साही वाचकाला इथे थोडा आवर घालायला हवा. छंद जोपासणाऱ्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळल्याची निरीक्षणे आहेत. पण ज्यांचा मेंदू आधीपासून धडधाकट असतो तेच छंदांकडे अधिक वळतात, अशीही शक्यता असल्याने छंदाला औषध म्हणता येणार नाही. शिवाय आठवड्याला १५ तास म्हणजे रोज दोन तासांहून अधिक. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये एवढा वेळ सकाळी, उन्हे चढण्यापूर्वीच काढणे शहाणपणाचे. तोही एका बैठकीत न घालवता मध्ये विश्रांती घेऊन वाटून घेतल्यास शिकलेले अधिक टिकते; आणि शिकवणारा विशीतला असेल, तर त्याला वेग कमी ठेवायला निःसंकोचपणे सांगावे.