केसिंगचा बिघाड, तेल व वायू विहिरींतील

तेल किंवा नैसर्गिक वायूच्या विहिरीत उतरवलेली पोलादी नळी, म्हणजे केसिंग, चेपणे, फुटणे, ताणाने तुटणे, वाकणे, कातरली जाणे किंवा गंजून तिला भोक पडणे, या सर्वांना केसिंगचा बिघाड म्हणतात. केसिंगमुळे विहिरीच्या भिंती ढासळत नाहीत आणि वरच्या थरांतील गोडे पाणी खालच्या तेल-वायूपासून अलग राहते. एकात एक अशा अनेक नळ्या बसवून त्यांच्या भोवतालच्या पोकळीत, निदान खालच्या भागात तरी, सिमेंट भरतात.

बाहेरचा दाब आतल्या दाबापेक्षा फार वाढला की नळी चेपते. विहिरीतील द्रव अचानक खाली गेल्यास असे होऊ शकते. चेपण्याला होणारा विरोध व्यास व जाडी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. नळी किंचित लंबगोल असली किंवा ताणाखाली असली तर तो घटतो. म्हणून नळी किती दाब सोसेल हे सांगणाऱ्या छापील कोष्टकातील आकडा जसाच्या तसा धरून चालत नाही. दोन नळ्यांमध्ये कोंडलेला द्रव उत्पादन सुरू झाल्यावर तापतो. त्याला बाहेर पडायला वाट नसेल, तर त्याचा दाब आतली नळी चेपू शकतो किंवा बाहेरची फोडू शकतो.

पोलादाच्या प्रतीच्या नावातील आकडा किमान नमनबल (ज्या ताणाला पोलाद कायमचे विरूपित होऊ लागते तो ताण) हजार पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच) सांगतो: जे-५५ साठी ५५,०००, पी-११० साठी १,१०,०००. मात्र अधिक बळकट पोलाद नेहमीच अधिक सुरक्षित नसते. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या विहिरीत उच्च बळाचे पोलाद कमी तापमानाला ठिसूळपणे तडकते. तेथे कठिणतेवर मर्यादा असलेले एल-८० सारखे पोलाद वापरतात.

काही बिघाडांत नळीचा काहीच दोष नसतो. मिठाचे थर संथपणे सरकून तिच्यावर एकाच बाजूने रेटा देतात. तेल उपसल्याने थर दबतात, जमीन खचते आणि खडक आडवे सरकून नळ्या कातरतात. कॅलिफोर्नियातील विल्मिंग्टन क्षेत्रात जमीन सुमारे ९ मी. खचली व शेकडो विहिरींचे नुकसान झाले. थरांत पाणी भरू लागल्यावरच हे खचणे आटोक्यात आले.

गंजाचे ठळक उदाहरणही कॅलिफोर्नियातलेच. ॲलिसो कॅन्यन येथील भूमिगत वायुसाठ्याची १९५३ साली खोदलेली एक विहीर ऑक्टोबर २०१५ मध्ये फुटली. सुमारे २७० मी. खोलीवर ७ इंची केसिंग भूजल व सूक्ष्मजीवांमुळे बाहेरून गंजले होते. तेथे त्याच्याभोवती सिमेंट नव्हते आणि वायू आतल्या बारीक नळीबरोबर केसिंगमधूनही वाहत असल्याने दुसरा अडसर उरला नव्हता. गळती फेब्रुवारी २०१६ मध्ये थांबली, तोवर सुमारे एक लाख टन मिथेन हवेत मिसळला होता.

तपासणीसाठी व्यास मोजणारी, ध्वनिलहरींवर चालणारी व चुंबकीय उपकरणे विहिरीत सोडतात. भोक लहान असेल तर दाबाने सिमेंट भरतात किंवा आतून पोलादी ठिगळ लावतात. अधिक लांब भाग खराब असेल तर कमी व्यासाची नळी आत बसवतात. त्यामुळे विहीर अरुंद होते. कातरलेल्या केसिंगमध्ये हत्यार खालीच उतरत नसल्याने अशी विहीर बहुधा सिमेंटने बुजवावी लागते.