जर्मनीत मुलाला फुटबॉल क्लबचं सभासद करायचंय? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

जर्मनीतल्या मोठ्या फुटबॉल क्लबांच्या चाहत्यांत एक रीत रुळलेली आहे. बाळाचा जन्मदाखला हातात आला की घरातलं कुणीतरी लगेच त्याचा सभासदत्वाचा अर्ज भरून टाकतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे निव्वळ वेड वाटतं, पण त्याला कायद्याची जोड आहे. जर्मन नागरी संहितेच्या कलम ३८ प्रमाणे, संस्थेच्या घटनेत वेगळी तरतूद नसेल तर सभासदत्व दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही आणि वारसाहक्कानेही मिळत नाही. आजोबा पन्नास वर्षं सभासद असले तरी ती पन्नास वर्षं त्यांच्याबरोबरच संपतात. नातवाची मोजणी त्याच्या स्वतःच्या अर्जापासून सुरू होते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या एकाच क्लबचे असलेल्या घरांतही प्रत्येक पिढीला नव्याने फॉर्म भरावा लागतो.

तो फॉर्म कसा भरायचा, ते इथे दिलं आहे. जर्मनीत राहणाऱ्या मराठी पालकांची गल्लत जिथे होते, त्या जागांवर जास्त भर आहे.

आधी हे ठरवा: सभासदत्व कशासाठी?

जर्मनीत क्लब म्हणजे बहुतेक वेळा ‘फेराइन’, म्हणजे न्यायालयाच्या नोंदवहीत नोंदलेली सभासदांची संस्था. बायर्न म्युनिकही फेराइन आणि तुमच्या गल्लीमागच्या मैदानावरचा क्लबही फेराइन. बायर्नचे सभासद चार लाखांवर आहेत, तर मुंबईचं भगिनी शहर असलेल्या श्टुटगार्टच्या क्लबाचे एक लाखावर. १९९८ पासून लागू असलेल्या ‘५०+१’ नियमामुळे व्यावसायिक संघ चालवणाऱ्या कंपनीतही मतांचं बहुमत या सभासद-संस्थेकडेच राहतं. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग हे त्याला ठळक अपवाद.

मोठ्या क्लबाचं सभासद झाल्याने मूल तिथे खेळायला लागत नाही. ते चाहत्याचं सभासदत्व असतं: बहुतेक क्लबांत तिकिटविक्रीत आधी संधी, लहानांसाठी वेगळा बालविभाग, आणि वयात आल्यावर सर्वसाधारण सभेत मत. खेळायचं असेल तर घराजवळच्या क्लबाचं सभासदत्व घ्यायचं आणि त्यावर खेळण्याचा परवाना, म्हणजे ‘श्पीलरपास’, वेगळा काढायचा. तिसरा प्रकार ‘फॅनक्लब’. ती चाहत्यांची स्वतंत्र मंडळं असतात. तिथली वर्गणी भरली म्हणजे मूळ क्लबाचं सभासदत्व मिळालं, असं होत नाही.

चाहता म्हणून: जन्मापासून पात्र

वयाची खालची अट सहसा नसते, नागरिकत्वाची नसते, जर्मनीत राहण्याचीही नसते. अर्ज क्लबाच्या संकेतस्थळावर भरता येतो. मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, पालकांची संमती आणि वर्गणीसाठी बँक खातं एवढंच लागतं.

अर्जावर ‘सभासदाचा प्रकार’ असा रकाना असतो, तो नीट वाचा. पूर्ण सभासद आणि पाठिराखा सभासद यांत फरक आहे. पाठिराख्याला बऱ्याच ठिकाणी मत नसतं. लाइपझिगच्या क्लबात तर मताचा हक्क असलेले सभासद अगदी मोजके आहेत आणि त्यावरून जर्मन चाहते अजून त्यांना टोमणे मारतात. मताचं वय काही क्लबांत १६, काहींत १८. हे क्लबाच्या घटनेत, म्हणजे ‘झाट्सुंग’मध्ये, लिहिलेलं असतं. दहा-बारा पानांचं ते कागदपत्र कुणी वाचत नाही, पण सभासदत्व सोडण्याची मुदतही त्यातच असते.

आजोबांना पुण्याहून नातवाला सभासदत्व भेट द्यायचं असेल तर? पैसे देणारा वेगळा असला तरी चालतं, काही क्लबांत भेट-सभासदत्वाची खास सोयही असते. पण अडचणी दोन. मूल अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं, असल्याने सही आई-वडिलांचीच लागते, आजोबांची चालत नाही. आणि वर्गणी ज्या युरोपीय थेट-वजावट पद्धतीने, ‘झेपा’ने, जाते तिला आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, असलेलं खातं लागतं. भारतीय बँकेच्या खात्याला आयबॅन नसतो. म्हणून वजावट आई-वडिलांच्या जर्मन खात्यातून ठेवावी, आजोबांनी हिशेब घरात चुकता करावा.

खेळाडू म्हणून: कोणत्या गटात?

इथे शाळेची इयत्ता धरत नाहीत. हंगाम १ जुलै ते ३० जून असतो. हंगाम ज्या वर्षी सुरू होतो त्यातून मुलाचं जन्मवर्ष वजा करा. उत्तर ६ किंवा कमी आलं तर जी गट, यालाच बांबिनी म्हणतात. ७-८ ला एफ, ९-१० ला ई, ११-१२ ला डी, १३-१४ ला सी, १५-१६ ला बी आणि १७-१८ ला ए. उदाहरणार्थ २० डिसेंबर २०१७ चा जन्म असेल तर २०२६ ला सुरू होणाऱ्या हंगामात उत्तर ९, म्हणजे ई गट. जानेवारी २०१७ मध्ये जन्मलेली मुलंही त्याच गटात. अकरा महिन्यांचा हा फरक आठ-नऊ वर्षांच्या अंगाला फार जाणवतो. डिसेंबरातलं मूल मागे पडतंय असं वाटलं तर आधी हा हिशेब आठवावा.

२०२४-२५ च्या हंगामापासून लहान गटांचं रूपही बदललं आहे. बांबिनीत दोन-दोन किंवा तीन-तीन मुलं चार छोट्या गोलांवर खेळतात, ई गटात सामना जास्तीत जास्त सातास सात. ‘आमच्या मुलाला गोलकीपर करा’ हा आग्रह बांबिनीत निरर्थक आहे, तिथे गोलकीपर नसतोच.

कधी आणि कसा अर्ज करावा

खरी अडचण बहुधा जागेची असते. शहरांत प्रशिक्षक कमी, मैदानं कमी आणि मुलं जास्त. त्यामुळे प्रतीक्षायादी, म्हणजे ‘वार्टेलिस्टे’, असतेच. नव्या हंगामाचे संघ उन्हाळ्यात लागतात, म्हणून चौकशी एप्रिल-मेमध्ये केलेली बरी. ऑगस्ट-सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर विचारलं तर बहुतेक गट भरलेले असतात. ईमेल क्लबाच्या सर्वसाधारण पत्त्यावर न पाठवता युवा विभागप्रमुखाला, ‘युगेंडलायटर’ला, पाठवा. त्यात मुलाचं जन्मवर्ष पहिल्या ओळीत हवं, कारण त्यावरून गट ठरतो आणि गटावरून जागा आहे की नाही ते.

एक वाट हमखास उपयोगी पडते. आई किंवा वडिलांपैकी कुणी मदतनीस प्रशिक्षक म्हणून यायला तयार आहे, हे त्या ईमेलमध्येच लिहा. प्रशिक्षक मिळाला की एक जादा गट उभा राहू शकतो. अशा पालकाला गुन्हेगारी नोंदींचा विस्तारित दाखला द्यावा लागतो. त्याचा अर्ज नगरपालिका कार्यालयात करता येतो आणि क्लबाचं स्वयंसेवक असल्याचं पत्र जोडलं तर फी माफ होते.

जागा मिळाली की दोन-तीन चाचणी सराव होतात. तोवर मूल सभासद नसतं, म्हणून क्लबाचा क्रीडाविमा त्याला लागू असेलच असं नाही. विचारून घ्या. मग येतो प्रवेशअर्ज, ‘आउफ्नामेआनट्राग’.

कागदपत्रं

क्लबाच्या सभासदत्वासाठी:
- भरलेला अर्ज. पालकत्व दोघांकडे असेल तर दोघांच्या सह्या
- झेपा वजावटीची परवानगी, खातेदाराच्या सहीसह
- फोटो आणि माहिती वापरण्याची संमती (ही वेगळी असते. मुलाचा फोटो संकेतस्थळावर नको असेल तर नकार देता येतो, प्रवेश अडत नाही)

श्पीलरपाससाठी यात भर:
- जन्मदाखल्याची किंवा पासपोर्टची प्रत
- मुलाचा चेहरा स्पष्ट दिसणारा अलीकडचा फोटो. परवाना आता डिजिटल असतो
- मूल याआधी कुठल्या देशात, कुठल्या क्लबात नोंदलेलं होतं का, याचं लेखी उत्तर
- १० वर्षं पूर्ण झालेल्या परदेशी नागरिक मुलासाठी पालकांचे पासपोर्ट, निवास परवाने, पत्त्याच्या नोंदीचा दाखला आणि बहुधा नोकरीचा करार

परवान्याचा अर्ज पालकांनी थेट करायचा नसतो. क्लब तो ऑनलाइन प्रणालीतून आपल्या प्रादेशिक फुटबॉल संघटनेकडे पाठवतो. जर्मनीत अशा २१ संघटना आहेत.

यादी छोटी असली तरी अर्ज परत येतात, आणि आपल्याकडच्या अर्जांत सर्वाधिक घोळ नावाचा असतो. महापालिकेच्या दाखल्यावर ‘आरव सचिन देशमुख’, पासपोर्टवर ‘आरव सचिन’ हे नाव आणि ‘देशमुख’ आडनाव, क्लबाच्या अर्जावर नुसतं ‘आरव देशमुख’. जर्मन कारकुनाला सचिन हे वडिलांचं नाव असल्याची कल्पना नसते. त्याला ते दुसरं नाव वाटतं. नोंद एकदा एका नावाने आणि पुढच्या क्लबात दुसऱ्या नावाने झाली की एकाच मुलाच्या दोन नोंदी तयार होतात आणि क्लब बदलताना परवाना अडकतो. पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे लिहा. आईचं आडनाव वेगळं असेल तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला सोबत ठेवा. दाखला मराठी-इंग्रजी असेल तर क्लबाला सहसा तो चालतो. नुसता मराठी असेल तर शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर करून घ्यावं लागतं.

दुसरं कारण एकाच पालकाची सही. अज्ञान मुलाचं प्रतिनिधित्व आई-वडील मिळून करतात, त्यामुळे बाबा कामानिमित्त भारतात असतील तर अर्ज त्यांना पाठवून सही केलेली प्रत मागवा. स्वतःच सही ठोकून देणं हा उपाय नव्हे.

भारतातून आलेलं मूल आणि फिफाचं कलम १९

हा भाग मोठ्या मुलांच्या पालकांनी शांतपणे वाचावा. फिफाच्या खेळाडू-नियमांतल्या कलम १९ प्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशात नोंदवायला मुळात बंदी आहे, सूट फक्त ठरावीक कारणांसाठी. मुलांच्या खरेदी-विक्रीला आळा घालायला हा नियम आला, पण पकडीत नोकरीसाठी आलेल्या कुटुंबाचं मूलही येतं. त्याच्यासाठी सूट आहे: पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने देश बदलून आले असतील तर नोंदणी होते. ते सिद्ध करायलाच नोकरीचा करार मागतात. वडिलांचा करार मुलाच्या क्लबप्रवेशाआधीचा असला की प्रकरण सरळ असतं.

१० वर्षांखालच्या मुलाला आंतरराष्ट्रीय हस्तांतर दाखला, म्हणजे आधीच्या देशाच्या फुटबॉल महासंघाने खेळाडूला मोकळं केल्याचा कागद, लागत नाही. त्यावरच्या वयात मूल भारतात नोंदणीकृत खेळाडू असेल तर जर्मन संघटना भारतीय फुटबॉल महासंघाकडून दाखला मागवते. त्याला आठवडे लागू शकतात. सराव चालू ठेवता येतो, अधिकृत सामना नाही. पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या क्लबाकडून झालेली नोंद ‘कशाला सांगायची’ म्हणून लपवू नका. प्रणालीत ती सापडली की चुकीची माहिती दिल्याचं प्रकरण होतं आणि दंड क्लबालाही बसू शकतो.

आणि मूल एकटंच काका-मावशीकडे राहायला आलं असेल, पालक भारतातच असतील, तर वरची सूट लागू होत नाही. असा अर्ज क्लबाने स्वीकारला तरी पुढे अडकतो.

पैसे

गावातल्या क्लबाची मुलांची वर्गणी शहरातल्यापेक्षा बरीच कमी असते. एकरकमी प्रवेश फी, किट आणि कधी मैदानावर कामाचे ठरावीक तास हे वेगळं. दोन मुलं असतील तर कौटुंबिक वर्गणीचा हिशेब आधी करा. वोनगेल्ड (घरखर्चासाठी सरकारी मदत) किंवा किंडरत्सुश्लाग (कमी उत्पन्नाच्या पालकांना मुलांसाठी मिळणारी जादा रक्कम) मिळणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला क्लबवर्गणीसाठी महिन्याला १५ युरोची मदत मिळते. तिचा अर्ज वेगळा. क्रीडाक्लबाची वर्गणी करात वजा होत नाही, देणगी होते.

कौटुंबिक वर्गणीतलं मूल १८ वर्षांचं झालं की त्यातून बाहेर पडतं आणि प्रौढांची पूर्ण रक्कम खात्यातून जाते. शाळेचा किंवा विद्यापीठाचा दाखला वेळेत पाठवला तर अनेक क्लबांत सवलत चालू राहते.

क्लब बदलताना, देश सोडताना

इथे दोन वेगळ्या कृती आहेत. ‘क्युंडिगुंग’ म्हणजे संस्थेचा राजीनामा, आणि ‘आबमेल्डुंग’ म्हणजे खेळाडू म्हणून नाव कमी करणं. एक केलं म्हणजे दुसरं आपोआप होत नाही. उन्हाळ्यात क्लब बदलायचा तर आबमेल्डुंग ३० जूनपर्यंत जुन्या क्लबाकडे पोचलेली हवी. नव्या क्लबाकडून अर्जाची खिडकी १ जुलै ते ३१ ऑगस्ट. तारीख चुकली आणि जुन्या क्लबाने संमती दिली नाही तर मूल काही महिने सामन्यांबाहेर बसू शकतं. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा.

भारतात परतणारे पालक महापालिकेतला पत्ता रद्द करतात, बँक खातं बंद करतात आणि क्लबाला कळवायचं विसरतात. पुढची वजावट परत फिरते, बँकेचा भुर्दंड लागतो, स्मरणपत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतात आणि शेवटी वसुली कंपनीकडे प्रकरण जातं. राजीनाम्याची मुदत बहुधा वर्षअखेरीशी किंवा सहामाहीशी जोडलेली असते, म्हणून विमानाची तिकिटं काढतानाच झाट्सुंगमधलं ते कलम उघडावं. मोठ्या क्लबाचं चाहता-सभासदत्व मात्र तोडायची गरज नाही. भारतातला पत्ता आणि चालणारा भरणा-मार्ग कळवला की मुलाची वर्षं मोजली जात राहतात.