मेद-ऊतक व चयापचयाचे विकार

मेद-ऊतक : जादा ऊर्जा ट्रायग्लिसराइडांच्या रूपात साठवणारे आणि त्याचबरोबर अनेक संप्रेरके स्रवणारे संयोजी ऊतक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक ग्रंथांत त्याची बोळवण ऊर्जेचा साठा, उष्णता राखणारा थर आणि अवयवांभोवतीची गादी एवढ्यावर होत असे. टाइप २ मधुमेह, यकृतात मेद साचणे आणि हृद्‌विकार यांच्या मुळाशी या ऊतकाचा बिघाड असू शकतो, हा विचार गेल्या तीन-चार दशकांत स्थिरावला. पुढील विवेचन मुख्यतः मानवी ऊतकावरील संशोधनाचे आहे. उंदरांवरील प्रयोगांचा उल्लेख गरजेपुरता केला आहे.

रचना : पांढऱ्या मेदपेशीत मेदाचा एकच मोठा थेंब असतो, केंद्रक व पेशीद्रव्य कडेला दाबले गेलेले असते. पेशीचा व्यास साधारण २० ते २०० मायक्रोमीटर, म्हणजे आकारमानातील फरक शेकडो पट होऊ शकतो. ऊतकाचा बहुतेक घनभाग मेदपेशींनी व्यापलेला असला तरी संख्येने त्या निम्म्याहून कमी असाव्यात. उरलेल्या पेशी रक्तवाहिन्यांच्या, प्रतिरक्षा यंत्रणेच्या आणि नव्या मेदपेशी घडवणाऱ्या पूर्वपेशी असतात. तपकिरी मेदपेशींत लहान लहान अनेक थेंब व भरपूर तंतुकणिका (पेशीतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे) असतात आणि यूसीपी-१ या प्रथिनामुळे त्या ऊर्जा न साठवता उष्णतेच्या रूपाने खर्च करतात. निसर्ग-अभ्यासक कॉन्राट गेस्नर यांनी १५५१ मध्ये मार्मोट या खारीच्या कुळातील प्राण्याच्या शरीरात वर्णिलेला भाग तपकिरी मेदाचाच असावा, असे सामान्यतः मानले जाते. प्रौढ माणसांत तो कार्यक्षम असल्याचे २००९ मध्ये पेट-सीटी या प्रतिमा-तपासण्यांवरून निःसंशय ठरले. त्याचे प्रमाण पाहता, वजन घटवण्यास तो कितपत हातभार लावतो यावर एकमत नाही.

अभ्यासपद्धती : बेंबीच्या शेजारी स्थानिक भूल देऊन सुईने त्वचेखालील मेदाचा नमुना ओढून घेता येतो. पिवळसर गोळी कोलॅजिनेज या एंझाइमाच्या द्रावणात हलवत ठेवली की तंतूंची जाळी विरघळते, मेदपेशी सुट्या होऊन वर तरंगतात आणि बाकीच्या पेशी तळाशी बसतात. ही रीत मार्टिन रॉडबेल यांनी १९६४ मध्ये उंदरांच्या मेदावर वापरली. मानवी नमुन्यांसाठीही ती रूढ झाली. तरंगणाऱ्या पेशी इतक्या नाजूक असतात, की पेशी वेगळ्या करणाऱ्या नेहमीच्या यंत्रांत त्या फुटतात. म्हणून अलीकडे अख्ख्या पेशीऐवजी तिच्या केंद्रकातील आरएनए वाचला जातो. मानवी पांढऱ्या मेदाचा अशा पद्धतीने तयार केलेला विस्तृत आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटातील मेदाचा नमुना मात्र शस्त्रक्रियेच्या वेळीच मिळतो. त्यामुळे त्याविषयीची आपली बरीचशी माहिती लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या रुग्णांकडून आली आहे. अशा निष्कर्षांचे सरसकटीकरण करताना ही मर्यादा अनेकदा नजरेआड होते.

मेदपेशींचे वय काढण्याची युक्ती अनपेक्षित ठिकाणाहून मिळाली. वातावरणातील अणुचाचण्यांमुळे कार्बन-१४ चे प्रमाण वाढले आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर उतरत गेले. पेशीच्या डीएनएमध्ये तिच्या जन्मकाळच्या हवेतील प्रमाण गोठलेले राहते. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील कर्स्टी स्पॉल्डिंग व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरून दाखवले, की प्रौढांत दरवर्षी सुमारे १० टक्के मेदपेशी मरून नव्या येतात, पण एकूण संख्या जवळपास स्थिर राहते. मोठ्या प्रमाणात वजन घटल्यावरही ती फारशी कमी होत नाही, पेशी आकाराने लहान होतात. हा निष्कर्ष सर्व भागांना सारखाच लावणे मात्र धाडसाचे ठरेल. स्वयंसेवकांना आठ आठवडे जादा आहार दिलेल्या २०१० च्या अभ्यासात पोटावरील पेशी फुगल्या, तर मांडीच्या भागात पेशींची संख्या वाढली.

मेद कोठे साठतो हा प्रश्न : मार्से येथील झां वाग यांनी १९४७ मध्ये पोटाभोवतीचा (पुरुषी) व नितंब-मांड्यांचा (स्त्रैण) असे लठ्ठपणाचे दोन प्रकार मांडले आणि मधुमेह व रोहिणीविकारांचा संबंध पहिल्याशी जोडला. या मांडणीकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. स्वीडनमधील लोकसमूहांच्या पाहण्यांनंतर १९८० च्या दशकात कंबर-नितंब गुणोत्तर मोजणे रूढ झाले. पर ब्यर्नटॉर्प यांनी १९९० मध्ये कारण सुचवले : आतड्यांभोवतीच्या मेदातून सुटणारी वसाम्ले (मेदाचे घटक) प्रवेशिका नीलेतून, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतून, थेट यकृतात जातात आणि यकृत इन्शुलिनला दाद देईनासे होते.

ही उपपत्ती सुटसुटीत असल्याने पाठ्यपुस्तकांत तिने घट्ट मूळ धरले. तथापि २००४ मध्ये प्रत्यक्ष मापन झाले तेव्हा प्रवेशिका नीलेतील बहुतांश वसाम्ले त्वचेखालील मेदातूनच आलेली आढळली. आतल्या मेदाचा वाटा लठ्ठपणाबरोबर वाढत असला, तरी तो लठ्ठ व्यक्तींतही सरासरीने सुमारे पाचव्या हिश्श्याइतकाच होता. आतला मेद काढून टाकण्याचे प्रयोगही निर्णायक ठरले नाहीत. २००२ च्या एका लहान स्वीडिश चाचणीत वपाजाल (आतड्यांवरील मेदाचा पडदा) काढल्याने लाभ दिसला, पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर तपासणीत जठर-बायपास या लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेला त्याची जोड देऊन इन्शुलिनसंवेदनशीलता अधिक सुधारली नाही. २००४ मध्येच पोटाच्या त्वचेखालचा सुमारे १० किलोग्रॅम मेद शोषून काढलेल्या स्त्रियांत रक्तातील कोणताही चयापचयविषयक निर्देशांक हलला नाही. या निकालाचा आधार आतल्या मेदाला मूळ मानणाऱ्यांनी आणि पुढे दिलेल्या दुसऱ्या पक्षाने, अशा दोन्ही बाजूंनी घेतला आहे, आणि त्यावरूनच तो एकट्याने काही ठरवत नाही हे उघड होते.

दुसरा पक्ष साठवणक्षमतेचा. त्वचेखालील मेद जोवर वाढू शकतो तोवर धोका नाही. त्याची मर्यादा संपली, की मेद यकृत, स्नायू व स्वादुपिंडाकडे ओसंडतो. या मतानुसार आतला मेद हा रोगाचे मूळ नसून बांध फुटल्याची खूण होय. यास सर्वांत बळकट आधार लिपोडिस्ट्रॉफीचा आहे : या विकारात शरीरात मेद जवळपास नसतो, तरी तीव्र मधुमेह आणि यकृतात मेद दिसतो, अशा रुग्णाचे वर्णन १९४६ मध्येच झाले होते. मेदहीन उंदरांत निरोगी मेद रोपल्यावर मधुमेह हटल्याचे २००० मध्ये दाखवले गेले. मधुमेहावरील ग्लिटाझोन औषधे नव्या मेदपेशी घडवतात, वजन वाढवतात आणि तरीही इन्शुलिनचा परिणाम सुधारतात. २०१७ च्या एका जनुकीय विश्लेषणात इन्शुलिनरोधाशी (इन्शुलिनला शरीराने दाद न देण्याशी) निगडित ५३ जनुकीय स्थानांचा संबंध हातापायांवरील मेद कमी असण्याशी आढळला. एकंदर पुरावा या दुसऱ्या मताकडे झुकतो, असे म्हणता येईल. दक्षिण आशियाई वंशाच्या व्यक्तींत कमी देहभार-निर्देशांकालाच (बीएमआय) मधुमेह का होतो, याचेही ते बरे स्पष्टीकरण देते.

स्राव व दाह : १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेने लेप्टिन या भूक आवरणाऱ्या संप्रेरकाचे जनुक शोधले आणि मेद-ऊतक अंतःस्रावी ग्रंथींच्या पंक्तीत बसले. जन्मजात लेप्टिन नसलेल्या मुलांना ते दिल्यास भूक आटोक्यात येते, पण नेहमीच्या लठ्ठपणात ते मुळातच भरपूर असते आणि वाढवून फारसा फरक पडत नाही. १९९५ मध्ये वर्णिलेले मेदपेशींचे दुसरे संप्रेरक ॲडिपोनेक्टिन लठ्ठपणात उलट घटते. त्यानंतर नवनव्या ‘मेदस्रावां’ची रीघ लागली, सगळेच टिकले नाहीत. रेझिस्टिन (२००१) उंदरांत मेदपेशींतून येते, माणसांत मुख्यतः प्रतिरक्षा यंत्रणेच्या भक्षक पेशींतून. व्हिस्फॅटिन या आणखी एका मेदस्रावाविषयीचा २००५ चा मूळ निबंध २००७ मध्ये मागे घेण्यात आला.

फुगलेल्या मेदात टीएनएफ-आल्फा हे दाह वाढवणारे प्रथिन वाढते (१९९३) व भक्षक पेशी गोळा होतात (२००३). मरणाऱ्या मेदपेशीभोवती त्यांचे कडे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. टीएनएफ रोखून माणसांतील मधुमेह आटोक्यात आणण्याचे प्रयत्न मात्र निराशाजनक ठरले. दाह हे कारण की परिणाम, हे त्यामुळे अनिर्णित आहे.

उपचार : लिपोडिस्ट्रॉफीच्या व्यापक प्रकारासाठी मेट्रेलेप्टिनला (लेप्टिनच्या कृत्रिम रूपाला) अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. वजन घटल्यानंतरही मेदपेशींत लठ्ठपणाची ‘स्मृती’ उरते, असे २०२४ च्या एका अभ्यासात मांडले आहे. त्यात शस्त्रक्रियेपूर्वीच्या आणि सुमारे दोन वर्षांनंतरच्या मानवी नमुन्यांत जनुकांच्या कार्यातील बदल टिकून राहिलेले दिसले. डीएनएभोवतीच्या अधिजनुकीय (जनुकांचे काम चालू-बंद ठेवणाऱ्या) खुणांचा पुरावा मात्र त्यात उंदरांपुरताच आहे.