जोडणी एकच, इंजिनात आणि मागात

सोलापुरात धोट्यावर (आडवा धागा नेणाऱ्या शटलवर) चालणाऱ्या जुन्या यंत्रमागाशेजारी उभं राहिलं की दोन ठिकाणी वाकवलेला एक जाड दांडा फिरताना दिसतो. वाकलेल्या जागी दोन हात जोडलेले असतात आणि ते आडवा धागा ठोकणाऱ्या फणीची चौकट सतत पुढे-मागे करत राहतात. हा क्रँकशाफ्ट. गाडीच्या इंजिनात पिस्टन खाली-वर होतो आणि क्रँकशाफ्ट फिरतो. मागात क्रँकशाफ्ट फिरतो आणि फणी हलते. म्हणजे जोडणी एकच, फक्त जोर उलट्या बाजूने येतो. चादरी-टॉवेलच्या या शहराने ही जोडणी दोन्ही अंगांनी वापरली आहे. म्हणून तिचा इतिहास सांगताना फक्त इंजिनापाशी थांबणं मला अपुरं वाटतं.

खरं तर मागाची बाजूच जुनी. आजच्या तुर्कस्तानातल्या हिरापोलिस इथे तिसऱ्या शतकातल्या एका शवपेटीवर पाण्याच्या चाकाने चालणारी दगड कापायची करवत कोरलेली आहे. क्रँक (दांड्याचा वाकवलेला भाग) आणि जोडदांडा (त्याला जोडलेला हात) एकत्र असल्याचा हा आपल्याला ठाऊक असलेला सर्वात जुना पुरावा. तिथेही चाक फिरतं आणि करवत सरकते. अल-जझारी या यंत्रकाराने १२०६ मध्ये वर्णन केलेल्या पाणी उपसायच्या यंत्रांतही क्रँक आहे.

उलटा प्रवास, म्हणजे दट्ट्याच्या (पिस्टनच्या) जोरावर चाक फिरवणं, फार उशिरा जमला. न्यूकमेनचं १७१२ चं वाफेचं इंजिन खाणीतलं पाणी उपसायचं. त्याला मोठी तुळई होती, क्रँक नव्हता. त्या इंजिनात दट्ट्या दर खेपेला नेमका तेवढाच सरकेल याची खात्री नसायची, आणि क्रँक तर प्रवासाचं माप पक्कं बांधून टाकतो. पुढे जेम्स पिकार्डने १७८० मध्ये क्रँक लावून चाक फिरवायचं पेटंट घेतलं. ते टाळण्यासाठी जेम्स वॉटने दात्यांच्या चाकांची वेगळीच युक्ती वापरली. पेटंटची मुदत १७९४ मध्ये संपली आणि क्रँक सगळ्यांना मोकळा झाला.

तरी एक अडचण उरली होती. जोडदांडा फिरताना तिरका होतो, पण पिस्टनचा दांडा सरळ रेषेतच राहायला हवा. वॉटने १७८४ मध्ये यासाठी पट्ट्यांची एक सांधेजोड काढली, आणि आपल्या सगळ्या शोधांत त्याला तिचाच जास्त अभिमान होता. पुढे सपाट पृष्ठभाग अचूक तासणारी यंत्रं आली, तेव्हा घसरपट्टीवर सरकणारा क्रॉसहेड, म्हणजे पिस्टनचा दांडा आणि जोडदांडा यांचा सांधा, सोपा पडला. सोलापुरातली मोरारजी गोकुळदासांची जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली, त्या काळात कापड गिरण्या अशाच वाफेच्या इंजिनांवर चालत. एका इंजिनाचा जोर लांबलचक शाफ्ट आणि पट्ट्यांवरून शेकडो मागांपर्यंत जायचा, आणि मागात पोचल्यावर पुन्हा क्रँकवाटे पुढे-मागे व्हायचा.

सामान्य माणसाला मात्र ही जोडणी उघड्यावर दिसली ती रेल्वेत. बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या डाव्या आणि उजव्या क्रँकमध्ये ९० अंशांचा फरक ठेवतात. एका बाजूचा दांडा आणि क्रँक एका रेषेत आले की त्या बाजूने चाकाला वळवता येत नाही. त्या क्षणी दुसरी बाजू पूर्ण जोरात असते. एका सिलिंडरच्या इंजिनात हेच काम जड फ्लायव्हील करतं.

निकोलाउस ऑटोच्या १८७६ च्या फोर-स्ट्रोक इंजिनानंतर छोटी, वेगवान इंजिनं आली आणि त्यांत क्रॉसहेडला जागा उरली नाही. जोडदांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, गजन पिनने (पिस्टनमधल्या आडव्या खिळीने) थेट पिस्टनला जोडला गेला. जागा वाचली, पण रॉडचा तिरका रेटा आता पिस्टनमार्फत लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) येऊ लागला. म्हणूनच मिस्त्री रिंगा बदलण्याआधी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) दोन दिशांनी मोजतो, क्रँकच्या लांबीच्या दिशेने आणि तिला काटकोनात. रेटा काटकोनातल्या दिशेने बसतो, झीज तिकडेच जास्त होते आणि बोअर लांबट होतो. मोठ्या जहाजांच्या टू-स्ट्रोक इंजिनांत आजही क्रॉसहेड आहे, त्याचं एक कारण हेच.

आता मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग. रॉडची लांबी क्रँकच्या त्रिज्येच्या चौपट धरा. क्रँक वरून पाव फेरा फिरला की पिस्टन अर्ध्यावर असायला हवा असं वाटतं. प्रत्यक्षात तो ५६ टक्के अंतर उतरलेला असतो. फेऱ्यातले १६६ अंश तो वरच्या अर्ध्यात आणि १९४ अंश खालच्या अर्ध्यात घालवतो. वरच्या टोकाला त्याला परत फिरवायला लागणारा जोर खालच्या टोकापेक्षा दीडपटीहून जास्त, ५ ला ३ या प्रमाणात असतो. १२० मिलिमीटर स्ट्रोकचं (पिस्टनच्या पूर्ण प्रवासाचं) इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरत असेल, तर वरच्या टोकाला पिस्टनवर त्याच्या वजनाच्या सुमारे १९० पट ओढ येते. ही विषमता इंजिनाला हादरे देते. क्रँकवरच्या वजनांनी ती पुरती जात नाही, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज अभियंता लँचेस्टरने दुप्पट वेगाने फिरणारे तोल-शाफ्ट आणले. रॉड जितका लांब, तितकी ही विषमता कमी. इंजिनवाला शक्य तितका लांब रॉड मागतो तो यासाठी.

मागवाल्याला नेमकं उलटं हवं असतं. फणी पुढच्या टोकाला आडवा धागा ठोकते. तिथे झटका जोरदार बसलेला चांगला. मागच्या टोकाला ती रेंगाळते, आणि तेवढ्या वेळात धोटा एका बाजूकडून दुसरीकडे जातो. पन्हा रुंद आणि कापड जाड असेल, तर धोट्याला वेळही जास्त लागतो आणि ठोकाही दणकट लागतो. म्हणून अशा मागांचा हात क्रँकच्या मानाने आखूड ठेवतात. इंजिनाचा दोष चादरीच्या कामी येतो तो असा. हे गणित मागाच्या बांधणीतच बसवलेलं आहे, आणि यंत्रमाग म्हणजे साधंसुधं जुनं यंत्र असं म्हणणाऱ्यांनी ते एकदा करून पाहावं.

बिनधोट्याचे माग आल्यावर रेंगाळणं पुरेना. सुल्झर कंपनीच्या प्रोजेक्टाइल मागात (तिथे धोट्याऐवजी छोटा धातूचा तुकडा धागा नेतो) फणी कॅमने, म्हणजे फुगवटा असलेल्या फिरत्या चकतीने, चालते आणि धागा जाईपर्यंत पूर्ण थांबते. क्रँक असा थांबू शकत नाही, कॅम थांबवू शकतो. सोलापुरातच प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ पासून गाड्यांच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट बनवते. व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहील हे इंजिनात कॅमचा आकार ठरवतो. पिस्टनचा जोर चाकापर्यंत पोचवायला मात्र अजून क्रँकच लागतो.